एका दिवसाची फारकत

नवरा-बायकोने दोघांनीच सहलीला जावं, चांगलं आठ दिवस जावं, आणि त्यातला किमान एक दिवस एकमेकांना सोडून फिरावं.

हे माझं ताजं मत. परवा आईला सांगितलं तर तिने लाटणं पोळपाटावर ठेवलं आणि पहिला प्रश्न टाकला, "भांडलात का?" सासूबाईंनी फोनवर बायकोला हेच विचारलं, फक्त जरा आडवळणाने. ऑफिसमधल्या एका मित्राला सांगितलं तर तो इकडेतिकडे बघून हळूच म्हणाला, "आयडिया भारी आहे रे, पण ही आपल्याकडून निघता कामा नये. बायकोकडून यायला हवी."

तर आता सगळ्यांना एकदाच सविस्तर सांगून टाकतो. हो, भांडलो होतो. आणि हो, आयडिया बायकोकडूनच आली.

आम्ही गेलो होतो पोर्तुगालला. लिस्बन आणि पोर्तो, दोनच शहरं, दोन्ही अटलांटिकच्या काठची, मध्ये रेल्वेचा तीन तासांचा प्रवास. बारा दिवसांत आठ देशवाली टूर नको यावर आमचं एकमत होतं. पोर्तुगालच का, तर बायकोचं माहेर वसईचं. लहानपणी ती वसईच्या किल्ल्यात लपाछपी खेळली आहे. ज्यांनी तो किल्ला बांधला त्यांचं घर कसं आहे ते बघू, एवढी साधी इच्छा. मला तर हा देश आधीच ओळखीचा वाटत होता. पाव, बटाटा, कोबी, अननस, चावी, घमेलं, नाताळ आणि मुख्य म्हणजे पगार, हे सगळे शब्द त्यांच्याकडून आपल्याकडे आले. आमची मुंबई यांनीच १६६१ च्या करारात इंग्लंडच्या राजाला लग्नात आंदण म्हणून देऊन टाकली. म्हणजे सोयरिकीतली माणसं म्हणायला हरकत नाही :)

आता माझ्या पापाची कबुली. मी एक्सेल शीट बनवली होती. एक्केचाळीस ओळी. ठिकाण, उघडायची वेळ, बंद व्हायची वेळ, तिकीट, आधीच्या ठिकाणापासून चालत किती मिनिटं, आणि शेवटचा कॉलम 'कमाल वेळ'. म्हणजे इथे जास्तीत जास्त इतकीच मिनिटं थांबायचं. बायकोने शीट वरपासून खालपर्यंत शांतपणे वाचली आणि विचारलं, "यात बाथरूमला जायची वेळ धरली आहेस का?" मी ते विनोद म्हणून घेतलं. तो विनोद नव्हता.

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो. हा लेख 'प्लॅनिंग वाईट, भटकणं चांगलं' असा नाही. तसले लेख लिहिणाऱ्यांना बहुतेक कधी भर उन्हात बंद म्युझियमच्या दारातून परत फिरावं लागलेलं नसतं. माझ्या शीटमुळे आमची एकही गाडी चुकली नाही. शीट चांगलीच होती. फक्त ती एका माणसाने दोन माणसांसाठी बनवली होती.

पहिले दोन दिवस बरे गेले. लिस्बन टेकड्यांवर वसलेलं आहे. गुळगुळीत पांढऱ्या दगडी चौकोनांचे फुटपाथ, चढ असे की पोटऱ्यांना घाम फुटावा, आणि अरुंद गल्लीतून घरांच्या भिंतींना जवळजवळ घासत जाणारी पिवळी ट्राम. अठ्ठावीस नंबरच्या ट्रामला इतकी गर्दी होती की बायको म्हणाली, "हे सात वाजून बावीसच्या फास्टसारखंच आहे, फक्त इथे लोक फोटो काढतायत." आल्फामाच्या गल्ल्या, किल्ला, कॅथेड्रल, सगळं वेळेत झालं. मी प्रत्येक ओळीपुढे टिकमार्क करत होतो. बायको एखाद्या चौकात, एखाद्या खिडकीत वाळत घातलेल्या कपड्यांसमोर, एखाद्या म्हाताऱ्या आजीबाईंच्या दुकानात रेंगाळली की मी चार पावलं पुढे जाऊन थांबायचो आणि मागे वळून बघायचो. काही बोलायचो नाही. नुसतं बघायचो. लग्न झालेल्यांना या बघण्याचा अर्थ सांगायची गरज नाही.

तिसऱ्या दिवशी बेलेम.

बेलेम म्हणजे शहराच्या पश्चिमेचा तेजो नदीकाठचा भाग. इथूनच वास्को द गामा १४९७ साली भारताच्या दिशेने निघाला. त्यानंतर राजा मानुएलने इथे जेरोनिमुशचा प्रचंड मठ बांधायला घेतला, १५०१ साली. पैसा कुठून आला, तर मसाल्यांच्या व्यापारावरच्या करातून. म्हणजे आपल्याकडची मिरी तिकडे गेली आणि तिचा दगड झाला. दोरखंड, प्रवाळ, पानं-फुलं असं सगळं कोरलेले खांब बघून तोंडात बोट जातं. दारातून आत गेलं की लगेच एका बाजूला वास्को द गामाची कबर आणि दुसऱ्या बाजूला त्याच्या सफरीवर महाकाव्य लिहिणाऱ्या कामोंइशची.

हे सगळं मी वाचून गेलो होतो. फक्त तिथे सव्वा तासाची रांग असेल आणि ती मे महिन्याच्या उन्हात असेल हे धरलं नव्हतं. चाळीस मिनिटांनी बायको म्हणाली, "मी पलीकडे नदीकाठी बसते. तू बघून ये."

मी म्हटलं, "इतक्या लांब येऊन तू हे बघणार नाहीस?"

ती थांबली. आम्ही आत गेलो, बघितलं, बाहेर आलो. मग शीटप्रमाणे १८३७ पासून चालू असलेल्या त्या प्रसिद्ध दुकानातली कस्टर्डची पाश्तेल, वर दालचिनीची पूड. आयुष्यात इतकं गोड काहीतरी इतक्या गप्प बसून पहिल्यांदाच खाल्लं. मग शोधसफरींचं स्मारक, वीस मिनिटं. मग बेलेम टॉवर, बाहेरून, वीस मिनिटं. तिथे तिने एका बाकावर बसकण मारली आणि मी घड्याळ बघून, डोकं तापलेलं असताना, जे बोलायला नको होतं ते बोललो, "तुला काही बघण्यात इंटरेस्टच नाहीये."

ती अजिबात चिडली नाही. तेच जास्त लागलं. म्हणाली, "तीन दिवस मी लिस्बन बघितलंच नाहीये. मी तुझी पाठ बघतेय. तुझी ती निळी सॅक. पुढे चाललेली."

परतीच्या ट्राममध्ये आम्ही शेजारी शेजारी बसून आपापल्या फोनमध्ये तोंड घालून बसलो.

रात्री खोलीवर तिने प्रस्ताव मांडला. उद्या तू तुझं फीर, मी माझं फिरते. सकाळी नाश्ता झाला की बाय, संध्याकाळी सात वाजता जेवायला भेटू. मला ते फार लागलं. खोटं कशाला बोला, मला वाटलं ही शिक्षा आहे. इतके पैसे खर्च करून, दोघांच्या रजा जुळवून, ऑफिसात हातापाया पडून इथवर आलो ते वेगवेगळं फिरायला? पण भांडण पुढे रेटायचं त्राण नव्हतं. फोन चालू ठेवायचा आणि लोकेशन शेअर करायचं, एवढ्या दोन अटींवर करार झाला.

सकाळी नऊ वाजता मी एकटा रस्त्यावर. पहिला तास विचित्र गेला. दोन वेळा मी उजवीकडे वळून "हे बघ" म्हणालो. उजवीकडे एक जर्मन आजोबा होते.

मी माझ्या आवडीचा विषय धरला होता, भूकंप. १ नोव्हेंबर १७५५, सकाळची वेळ, सर्व संतांचा सण, त्यामुळे चर्चेस तुडुंब भरलेली आणि मेणबत्त्या पेटलेल्या. आधी भूकंप, मग नदीतून वर घुसलेली त्सुनामी आणि मग दिवसेंदिवस जळत राहिलेली आग. लिस्बन जवळपास संपलं. पुढे पोम्बालचा मार्क्विस म्हणून ओळखला गेलेला मंत्री कामाला लागला आणि खालचा सगळा भाग, ज्याला बायशा म्हणतात, नव्याने आखला. सरळ रस्ते, काटकोनात, एकसारख्या इमारती. आणि प्रत्येक इमारतीच्या भिंतींच्या आत लाकडी चौकटींचा पिंजरा, जमीन हलली तर इमारतीने डोलावं पण कोसळू नये म्हणून. याची चाचणी घ्यायला एका नमुन्याभोवती सैनिकांना कवायत करायला लावली होती असं सांगतात. लोड टेस्टिंग, अठराव्या शतकातलं!

पण मला खरं वेड लावलं ते दुसऱ्याच गोष्टीने. पोम्बालने देशभरातल्या धर्मगुरूंकडे एक प्रश्नावली पाठवली. धक्का किती वेळ टिकला? नंतर किती धक्के बसले? समुद्र आधी मागे हटला की वर आला? किती माणसं गेली? जमिनीला भेगा पडल्या का? ज्या काळात हा देवाचा कोप आहे यावर प्रवचनं चालू होती, त्या काळात एक माणूस बसून इन्सिडेंट रिपोर्टचा फॉर्म तयार करत होता. आधुनिक भूकंपशास्त्राच्या सुरुवातीच्या पायऱ्यांत ही प्रश्नावली मोजली जाते.

मग कार्मोच्या चर्चमध्ये गेलो. त्याचं छप्पर भूकंपात पडलं आणि ते पुन्हा कधी पुरतं बांधलंच नाही. वर नुसत्या दगडी कमानी, माशाच्या काट्यासारख्या, आणि त्यांच्यामधून दिसणारं निळं आकाश. शीटमध्ये इथे कमाल वेळ पंचवीस मिनिटं होती. मी दोन तास बसलो. बाहेरच्या चौकात बसून सँडविच खाताना वाचलं की २५ एप्रिल १९७४ च्या क्रांतीत जुन्या राजवटीचा पंतप्रधान शेजारच्याच बराकीत कोंडला गेला आणि तिथेच त्याने सत्ता सोडली. त्याच वर्षाच्या अखेरीस पोर्तुगालने गोव्यावरचं भारताचं सार्वभौमत्व मान्य केलं. गोवा १९६१ सालीच मुक्त झाला होता, पण तो गेला हे यांनी कागदावर कबूल करायला तेरा वर्षं आणि हा चौक लागला.

आणि इथे, त्या चौकातल्या झाडाखाली, मला एक गोष्ट लक्षात आली. मी फोनमध्ये मुद्दे टिपून ठेवत होतो. लाकडी पिंजरा. प्रश्नावली. छप्पर नसलेलं चर्च. कोणासाठी? संध्याकाळी सात वाजता तिला सांगण्यासाठी.

शेजारी असती तर मी काय केलं असतं? बोट दाखवलं असतं. "हे बघ, भूकंपात छप्पर पडलं." ती "हं" म्हणाली असती आणि पुढची ओळ. दाखवायला नुसतं बोट लागतं. सांगायला ती गोष्ट आधी स्वतःला कळावी लागते. कुठून सुरुवात करायची, तिला कशात रस वाटेल, काय गाळायचं हे ठरवावं लागतं. म्हणजे समोरच्या माणसाचा विचार करावा लागतो. तीन दिवस बायको माझ्यापासून चार पावलांवर होती आणि मी तिचा इतका विचार केला नव्हता. चौथ्या दिवशी ती सात किलोमीटर दूर होती आणि मी दिवसभर तिचाच विचार करत होतो.

संध्याकाळी मी पावणेसातलाच हजर. ती सात वाजून दहा मिनिटांनी आली, नाक उन्हाने लाल झालेलं, आणि खुर्चीवर बसायच्या आधीच म्हणाली, "तुला गेंडा दिसला होता का?"

"कुठला गेंडा?"

ती पुन्हा बेलेमलाच गेली होती! त्याच ठिकाणी. म्हणाली, काल काही बघितलंच नव्हतं, मग आज बघून आले. आधी स्मारकासमोर जमिनीवर पन्नास मीटर व्यासाचं जे संगमरवरी होकायंत्र आहे, त्याच्या मधल्या जगाच्या नकाशावर ती तासभर फिरली. पोर्तुगीज कुठे कोणत्या साली पोचले ते त्यावर लिहिलंय. कालिकतपाशी १४९८. लोक आपापल्या देशावर उभं राहून फोटो काढतात. ती भारतावर उभी राहिली आणि तिला हसू आलं, कारण शेजारचं स्मारक दगडात उभं राहिलं १९६० साली आणि पुढच्याच वर्षी गोवा हातातून गेला. "म्हणजे दुकान बंद व्हायच्या आदल्या वर्षी यांनी एवढा मोठा बोर्ड लावला," ती म्हणाली.

मग टॉवर. टॉवरवर जागोजागी एक गोल कोरलेला आहे, पट्ट्यापट्ट्यांचा, राजा मानुएलचं चिन्ह, जो आजही त्यांच्या झेंड्यावर आहे. तो बघून ती थबकली. असाच गोल वसईच्या किल्ल्यात, बालेकिल्ल्याच्या दरवाज्यावर आहे. लहानपणी ती त्याला चेंडू म्हणायची. आणि मग टॉवरच्या पश्चिमेकडच्या एका लहान बुरुजाच्या तळाशी तिला ते झिजलेलं दगडी डोकं सापडलं. गेंडा.

त्या गेंड्याची गोष्ट तिने मला जेवण संपेपर्यंत पुरवून पुरवून सांगितली. गुजरातचा सुलतान मुझफ्फरशाह दुसरा याने हा गेंडा पोर्तुगीज गव्हर्नर आल्बुकर्कला भेट दिला. आल्बुकर्कला दीवमध्ये किल्ला हवा होता, सुलतानाला तो द्यायचा नव्हता, मग जागेऐवजी गेंडा! आल्बुकर्कने तो गोव्याहून जहाजात चढवून राजाकडे पाठवून दिला. चार महिन्यांचा प्रवास करून मे १५१५ मध्ये गेंडा लिस्बनला उतरला. रोमन काळानंतर युरोपने जिवंत गेंडा बघितलाच नव्हता. नावही आपल्याकडचंच, 'गांडा', म्हणजे गेंडा. राजाने त्याची हत्तीशी झुंज लावायचं ठरवलं तर हत्तीच पळून गेला. जर्मनीतल्या ड्युररने नुसतं वर्णन आणि कोणाचं तरी रेखाटन बघून त्याचं चिलखत घातल्यासारखं चित्र काढलं, आणि पुढची दोन-अडीचशे वर्षं युरोप गेंडा म्हणजे ते चित्र असंच समजत होता. शेवटी राजाने तो पोपला भेट म्हणून पाठवला आणि इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज बुडालं. गेंड्याला पोहता येतं. पण त्याला साखळ्यांनी बांधलेलं होतं.

इथे ती गप्प झाली. मीही.

मग मी तिला माझा लाकडी पिंजरा सांगितला, प्रश्नावली सांगितली. तिने प्रश्न विचारले. खरे प्रश्न, 'हं' नव्हे. वेटरने दोनदा येऊन आणखी काही हवं का विचारलं. साडेदहा वाजले होते. आम्ही दोघं घरून काम करणारी माणसं. मी बेडरूममध्ये, ती डायनिंग टेबलवर, दिवसभर एका छताखाली, आणि बोलणं काय, तर 'कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या' आणि 'तुझा कॉल संपला का'. साडेतीन तास सलग गप्पा शेवटच्या कधी मारल्या होत्या ते आम्हाला दोघांनाही आठवेना.

दुसऱ्या दिवशी पोर्तोची गाडी होती, त्यामुळे गेंडा मी अजूनही प्रत्यक्ष बघितलेला नाही. परत आल्यावर माझे बेलेमचे फोटो काढून बघितले. टॉवरचे चौदा फोटो आहेत. गेंडा एकातही नाही. पण अख्ख्या सहलीतली कोणती गोष्ट सर्वात नीट आठवते असं कोणी विचारलं, तर मी गेंडा सांगेन. न बघितलेला.

पोर्तोमध्ये मग आम्ही हा प्रकार नियम म्हणूनच पाळला. सकाळी एकत्र, दुपारी आपापलं, संध्याकाळी पुन्हा एकत्र. साओ बेन्तो स्टेशनच्या हॉलमध्ये सुमारे वीस हजार निळ्या-पांढऱ्या टाइल्सवर रंगवलेला पोर्तुगालचा इतिहास एकत्र बघितला. मग मी लेल्लो नावाच्या १९०६ सालच्या सुंदर पुस्तकाच्या दुकानासमोर तिकीट काढून रांगेत उभा राहिलो. ते शीटमध्ये होतं, हॅरी पॉटरमुळे. त्याची लेखिका नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला पोर्तोत इंग्रजी शिकवायची, त्यामुळे तिला कल्पना इथल्या जिन्यावरून सुचली अशी वदंता. रांगेतच फोनवर वाचलं की आपण त्या दुकानात कधी गेलोच नव्हतो असं तिने स्वतः २०२० साली सांगून टाकलंय. जिना खरंच सुरेख आहे. पण मी एकटा होतो म्हणून स्वतःवर मनसोक्त हसू शकलो. बायको शेजारी असती तर, स्वभावाप्रमाणे, त्या रांगेचं समर्थन करत बसलो असतो.

ती तोवर डोम लुईश पुलावरून चालत पलीकडे वाइनच्या वखारींकडे गेली होती. हा पूल १८८६ चा, लोखंडी, आयफेलचा एकेकाळचा भागीदार सेरिग याने आखलेला. दोन मजली आहे, वरून मेट्रो आणि माणसं, खालून गाड्या. पाच वाजता पुलाच्या वरच्या मजल्यावर मधोमध भेटायचं ठरलं होतं. मी शहराच्या बाजूने, ती पलीकडून. लांबून ती चालत येताना दिसली. लग्नाला सात वर्षं झाल्यावर आपली बायको समोरून चालत येताना दिसणं ही किती दुर्मिळ गोष्ट आहे! एरवी ती शेजारी असते, नाहीतर मागे.

आता आक्षेपांकडे येऊ.

पहिला, सुरक्षिततेचा. हा खरा आक्षेप आहे आणि शहर बघूनच ठरवावा. आम्ही दिवसाउजेडी फिरलो, लोकेशन चालू ठेवलं, भेटायची वेळ पाळली. बायकोच्या मते लिस्बनमध्ये दुपारी एकटीने फिरणं हे संध्याकाळी सहा वाजता ठाणे स्टेशनच्या पुलावरून चालण्यापेक्षा कैकपटीने सोपं होतं. जिथे तसं वाटणार नाही तिथे हा प्रयोग करू नये.

दुसरा, मित्राचा आक्षेप. "मग लग्न कशाला केलं, एकटाच जायचं ना." नाही बुवा. एकट्याने जाऊन मी ते मुद्दे कोणासाठी टिपले असते? संध्याकाळी सात वाजता समोर कोणी येणार आहे, म्हणून तर दिवसाला अर्थ होता.

तिसरा आक्षेप न बोललेला. वेगळं फिरावंसं वाटणं म्हणजे नात्यात काहीतरी बिनसलंय. याबद्दल मला जरा वेगळंच वाटतं. आपल्याकडे आधी दोघांनीच फिरायला जायची पद्धत तरी कुठे होती? लहानपणी आम्ही कोकणात जायचो ते दोन काका, आत्या, आजी, सात-आठ पोरं. बाबा आणि काका मासळीबाजारात, आई आणि काकू वाडीतल्या विहिरीवर गप्पा मारत, आजी देवळात, आम्ही पोरं पाण्यात. कोणी कोणाला चिकटून नसायचं. रात्री पंगतीला सगळे आपापली बातमी घेऊन यायचे. आता त्या पंधरा माणसांची कामं दोनच माणसांवर आली आहेत. वाट शोधणारा, पैसे मोजणारा, फोटो काढणारा, हसवणारा, रुसलेल्याची समजूत काढणारा, सगळं त्या दोघांनीच. चोवीस तास, आठ दिवस. पंधरा सर्व्हरचा लोड दोनांवर टाकला तर काय होतं हे आमच्या धंद्यातल्या लोकांना वेगळं सांगायला नको. दोष सर्व्हरचा नसतो.

म्हणून माझं म्हणणं इतकंच. शीट जरूर बनवा, पण दोघांनी आपापली बनवा. दोन्हींत जे सारखं येईल ते एकत्र बघा. उरलेल्यासाठी एक दिवस सोडा. आणि संध्याकाळची भेटायची जागा मात्र पक्की ठरवा, त्यात तडजोड नको. तो दिवस त्या संध्याकाळसाठीच असतो.

शेवटच्या संध्याकाळी आम्ही ट्रामने फोझला गेलो. तिथे डौरो नदी समुद्राला मिळते. धक्क्याच्या टोकाला एक छोटं दीपगृह आहे आणि अटलांटिकच्या लाटा त्याच्यावर येऊन फुटत असतात. माझ्या शीटमध्ये फोझ नव्हतंच. दोन तास नुसते बसलो. घड्याळ मी एकदाच बघितलं, आणि तेही तिने बघितलं नाही.

असो. हे सगळं आईला सांगून झालं तेव्हा तिच्या पोळ्या होत आल्या होत्या. मला वाटलं आता ती म्हणेल, तुमची पिढी म्हणजे अवघड आहे. ती काही बोलली नाही. शेवटची पोळी तव्यावरून काढली, गॅस बंद केला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "तू तिसरीत असताना आपण गणपतीपुळ्याला गेलो होतो. मला नुसतं समुद्रावर बसायचं होतं रे. पण तुझे बाबा म्हणाले, उठा, जयगड राहिलंय."